एअर इंडिया इमारतीच्या नव्या मालकास : महाराष्ट्र शासनाला एक खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन,
सार्वजनिक बांधकाम विभाग,
आणि मुंबई वारसा संवर्धन समितीचे सर्व सदस्य, मुंबई.

विषय : नरिमन पॉइंट येथील एअर इंडिया इमारतीस वारसा दर्जा देण्याबाबत, तसेच नूतनीकरणाआधी तिच्या मूळ रूपाची नोंद करून ते जपण्याबाबत.

महोदय, महोदया,

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नरिमन पॉइंटची २३ मजली एअर इंडिया इमारत १,६०१ कोटी रुपयांना विकत घेण्याचा निर्णय घेतला आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने या व्यवहाराला मान्यता दिली. जमीन मुळात राज्याचीच होती आणि १९७० साली ती एअर इंडियाला भाडेपट्ट्याने दिलेली होती. म्हणजे अर्ध्या शतकानंतर राज्याची जमीन तिच्यावरच्या इमारतीसह राज्याकडे आली. या व्यवहाराची चर्चा गेली काही वर्षे वर्तमानपत्रांतून होत राहिली. कोणी किती बोली लावली, थकबाकी किती माफ झाली, किती चौरस मीटर जागा मिळणार आणि तिथे कोणते विभाग जाणार, हे सगळे त्यात आले. मात्र जी वास्तू विकत घेतली ती नेमकी काय आहे, तिच्यात जपण्यासारखे काय आहे आणि तिचा ताबा घेणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, याबद्दल मी फारच थोडे वाचले. हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे.

माझी मागणी आरंभीच स्पष्ट करते. शासनाने या इमारतीत एकही भिंत पाडण्याआधी आणि दर्शनी भागाला हात लावण्याआधी तिचा मुंबईच्या वारसा यादीत समावेश करावा, आणि तो समावेश मालक म्हणून स्वतः मागावा.

कार्यालयांसाठी जागा हवी आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेली आग मुंबईकर विसरलेले नाहीत. वरचे मजले जळाले, माणसे गेली, फायली गेल्या, आणि त्यानंतर अनेक विभागांना शहरभर विखुरून बसावे लागले. कामासाठी जिल्ह्यातून आलेल्या माणसाने एका कागदासाठी तीन ठिकाणी फिरावे, यापेक्षा मंत्रालयापासून चालत जाता येईल अशा इमारतीत कचेऱ्या एकत्र आल्या तर ते चांगलेच आहे. मुळात ही इमारत कचेऱ्यांसाठीच बांधली गेली होती, त्यामुळे तिथे पुन्हा टेबले लागणे तिच्या स्वभावाला धरूनच आहे. माझी काळजी वेगळी आहे. सरकारी नूतनीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे येते, म्हणजे दर्शनी भागावर चिकटवलेले चकचकीत पॅनेल, खिडक्यांतून बाहेर आलेली वातानुकूलन यंत्रे, प्रवेशदालनात उभारलेली प्लायवुडची केबिने आणि माथ्यावर विभागाच्या नावाचा भलामोठा फलक, ते या वास्तूच्या वाट्याला येऊ नये.

ही इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिचा इतिहास तिच्याइतकाच महत्त्वाचा आहे. बॅकबेचा समुद्र भरून काढण्याची मोठी योजना १९२० च्या सुमारास गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या काळात सुरू झाली. बंदरातला गाळ ड्रेजरने उपसायचा, नळांतून पलीकडे न्यायचा आणि समुद्रात बांधलेल्या भिंतीच्या आत टाकायचा, अशी ती योजना होती. भिंत गळकी निघाली, टाकलेला गाळ समुद्र परत घेऊन जाऊ लागला आणि खर्च हाताबाहेर गेला. खुर्शेद फ्रामजी नरिमन या तरुण वकिलाने या कारभाराविरुद्ध उघडपणे आरोप केले. त्यांच्यावर एका सरकारी अभियंत्याने अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि त्यातून नरिमन निर्दोष सुटले. पुढे ते मुंबईचे महापौर झाले. योजनेचे काही तुकडे पूर्ण झाले, त्यांपैकी एकावर मरीन ड्राइव्हची घरांची रांग उभी राहिली, आणि मधले तुकडे समुद्राखालीच राहिले. स्वातंत्र्यानंतर त्यांतल्या एका तुकड्यावर भराव टाकला गेला आणि त्या टोकाला नरिमन यांचे नाव मिळाले. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणाऱ्या माणसाचे नाव ज्या जागेला आहे, तिथली एक इमारत आज सार्वजनिक पैशातून विकत घेतली गेली आहे, हे संबंधितांनी ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

नरिमन पॉइंट उभे राहात असतानाही त्याच्याविरुद्ध बोलणारे होते आणि त्यांचे म्हणणे सबळ होते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी साठच्या दशकाच्या मध्यावर खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. दक्षिण टोकाकडेच कचेऱ्या वाढवत नेल्या तर रोज सकाळी सगळे शहर एकाच दिशेने धावेल आणि संध्याकाळी उलट दिशेने, हे त्यांचे गणित होते. शासनाने ती कल्पना स्वीकारली आणि १९७० मध्ये ते नवे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली. तरीही राज्याचा कारभार इथेच राहिला, बॅकबेचा भरावही चालूच राहिला, आणि त्यावरच्या भूखंडांच्या वाटपाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. चर्चगेटला येणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये उभे राहून प्रवास केलेल्या कोणालाही त्या तिघांचे गणित समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे नरिमन पॉइंटचे कौतुक करताना त्यामागची चूक झाकावी असे मी म्हणणार नाही. पण नगररचनेतली चूक वेगळी आणि त्या जागेवर उभी राहिलेली चांगली वास्तू वेगळी. ज्या निर्णयातून ही रांग उभी राहिली तो निर्णय आणि त्याला झालेला विरोध, हे दोन्ही या इमारतीच्या कहाणीत असले पाहिजेत, आणि ते सांगायला त्या इमारतीइतकी योग्य जागा दुसरी नाही.

सत्तरच्या दशकाच्या पहिल्या चार-पाच वर्षांत या भरावावर एकामागून एक मनोरे चढले. १९७२ मध्ये जोसेफ अॅलन स्टाइन यांनी रचलेला एक्स्प्रेस टॉवर्स पूर्ण झाला, १९७३ मध्ये ओबेरॉय शेरेटन हॉटेल उघडले आणि १९७४ मध्ये एअर इंडियाची इमारत पूर्ण झाली. मुंबईतली ती पहिली उत्तुंग इमारत नव्हती. कारमायकल रोडवरची उषाकिरण त्याआधी साठच्या दशकातच उभी होती. ती सर्वांत उंचही नव्हती, कारण शेजारचे हॉटेल तिच्याहून उंच होते. तरी 'मुंबईची उंच इमारत' असे म्हटल्यावर दोन पिढ्यांच्या मनात जे चित्र उभे राहिले ते तिचेच, आणि याला तिची जागा, तिची रचना आणि तिच्या माथ्यावरचे चिन्ह अशी तीन कारणे आहेत.

जागेबद्दल फार सांगायला नको. गिरगाव चौपाटीकडून किंवा मलबार हिलच्या उतारावरून पाहिले की मरीन ड्राइव्हचा वळसा पाच-सहा मजली घरांच्या एका उंचीने चालत येतो आणि दक्षिण टोकाला ही उभी, फिकट रंगाची भिंत अचानक वर जाते. सबंध किनाऱ्याच्या आडव्या रेषेला तिथे उभी रेषा मिळते. वास्तुरचनेचे शिक्षण नसलेल्या माणसालाही ते नीट बसलेले आहे एवढे कळते.

रचना न्यूयॉर्कच्या जॉन्सन/बर्गी या संस्थेतले जॉन बर्गी यांची. फिलिप जॉन्सन आणि बर्गी यांनी त्याच काळात अमेरिकेत मिनियापोलिसचा आयडीएस सेंटर आणि ह्यूस्टनचे पेनझॉइल प्लेस बांधले. ती दोन्ही काचेची आहेत. मुंबईची इमारत तशी नाही, आणि मला तिच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीमुळे. पश्चिमेकडून येणारे दुपारचे ऊन, चार महिन्यांचा आडवा पाऊस आणि बारमाही खारा वारा ज्या जागी आहे तिथे काचेचा पडदा न लावता भरीव भिंत आणि तिच्यात ओळीने बसवलेल्या खिडक्या, असा संयम तिने पाळला आहे. गेल्या पंचवीस वर्षांत या शहरात जे काचेचे मनोरे उभे राहिले, जे दिवसा डोळे दिपवतात आणि आत थंडावा राखायला वीज पितात, ते पाहिल्यावर या साध्या भिंतीतला विचार अधिक उठून दिसतो. सकाळी ती उजेडाकडे पाठ करून उभी असते आणि तिचा रंग थोडा राखाडी दिसतो. संध्याकाळी सूर्य समुद्रावर कलला की समोरची बाजू हळूहळू मधाच्या रंगाची होते. पावसाळ्यात भरतीच्या लाटा कट्ट्यावर फुटून रस्त्यावर येतात आणि त्यांच्या पडद्याआडून ती पुसट होत जाते. ज्यांनी हे तिन्ही प्रहर पाहिले आहेत त्यांना तिच्यावर दुसरा रंग किंवा दुसरे आवरण चढवण्याची कल्पना सहन होणार नाही.

याच संस्थेचे दुसरे काम तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचे टाटा थिएटर फिलिप जॉन्सन यांनी रचले आणि ते १९८० मध्ये सुरू झाले. नरिमन पॉइंटच्या एका टोकाला बर्गी यांची इमारत, दुसऱ्या टोकाला जॉन्सन यांचे नाट्यगृह. विसाव्या शतकाच्या वास्तुकलेत ज्यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही अशा एका जोडीच्या दोन वास्तू आपल्याकडे एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत. दुसऱ्या एखाद्या शहराने यावर पाहुण्यांसाठी फेरी आखली असती. आपल्याकडे पहिल्या इमारतीवर साधी पाटीही नाही, हे मला खटकते.

तिसरे कारण माथ्यावरचे चिन्ह. अर्धा माणूस, अर्धा घोडा आणि हातात ताणलेले धनुष्य, असा तो लाल धनुर्धारी धनू राशीचे रूप घेऊन एअर इंडियाकडे आला. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून लंडनला निघाले आणि कंपनीची परदेशी सेवा सुरू झाली. त्या विमानांच्या नावातच तारकासमूह होता, कारण 'कॉन्स्टेलेशन' या शब्दाचा अर्थच तो. पुढे जुहूला आणि विमानतळाजवळ कंपनीने उभारलेल्या हॉटेलांनाही त्या धनुर्धाऱ्याचेच नाव मिळाले, आणि 'सेंटॉर' हा परका शब्द मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या रोजच्या बोलण्यात आला. रात्री समुद्राच्या काठाने चालणाऱ्याला दिशा कळावी म्हणून जणू तो वर उभा असे. ज्या काळात मुंबईच्या आकाशात दिव्याची अक्षरे मोजकीच होती, त्या काळात तो लाल दिवा ही शहराची एक खूण होती.

या इमारतीवर सामान्य माणसाचा काय हक्क, असे कोणी विचारेल. विमानाचे तिकीट हातात धरणे बहुसंख्य मराठी घरांना सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत शक्य नव्हते. पण कोकणातून, देशावरून, विदर्भातून पाहुणे आले की त्यांना राणीचा बाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय दाखवून झाल्यावर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसवून 'ती बघा एअर इंडियाची बिल्डिंग' असे सांगणे हा यजमानाच्या कर्तव्याचा भाग होता. मुले मजले मोजत, दर वेळी वेगळी संख्या येई, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू होई. आखातात कामाला गेलेल्या हजारो घरांसाठी ती इमारत वेगळ्याच अर्थाने ओळखीची होती, कारण त्यांच्या माणसाला नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या विमानाचे ते घर होते. हा हक्क सातबाऱ्यावर नोंदलेला नसतो, तरी शासनाने तो मानावा अशी माझी अपेक्षा आहे.

मग १२ मार्च १९९३ चा शुक्रवार आला. दुपारी शेअर बाजारापासून सुरू झालेल्या बारा स्फोटांच्या मालिकेत एक स्फोट या इमारतीत झाला. वाहनात ठेवलेली स्फोटके तळाशी फुटली, वर असलेले बँक ऑफ ओमानचे कार्यालय उद्ध्वस्त झाले आणि इथे वीस माणसे मृत्युमुखी पडली. सबंध शहरात त्या दिवशी २५७ माणसे गेली. इमारत उभी राहिली, दुरुस्त झाली आणि कामकाज पुन्हा सुरू झाले. त्या वीस जणांत कोणी कामावर असलेले, कोणी आपल्या कामासाठी आलेले, कोणी फक्त वाटेने जाणारे असेल. रोज हजारो लोक त्या जागेवरून जातात आणि तिथे काय झाले हे त्यांतल्या तरुणांना सांगितल्याशिवाय कळणार नाही. इमारत आता शासनाची आहे. तळमजल्यावर, लोकांना थांबून वाचता येईल अशा ठिकाणी, त्या वीस जणांची नावे मराठीत कोरलेली असावीत. कुटुंबीयांची संमती घेऊन हे काम शासनाने करावे. त्यासाठी फार पैसा लागत नाही.

या इमारतीशी जोडलेली आणखी एक संपत्ती म्हणजे कंपनीचा कलासंग्रह. तो १९५६ मध्ये नागपूरजवळच्या बेला गावात जन्मलेल्या चित्रकार बी. प्रभा यांच्या चित्रांपासून सुरू झाला. परदेशातल्या कचेऱ्यांच्या भिंतींवर भारत दिसावा म्हणून घेतलेली ही चित्रे पुढे वाढत गेली. वासुदेव गायतोंडे, मकबूल फिदा हुसेन, सय्यद हैदर रझा अशी नावे त्यात आली, आणि चित्रांखेरीज शिल्पे, वस्त्रे, लाकडी कोरीवकाम यांची भर पडली. जेव्हा या चित्रकारांना विकत घेणारे मोजके होते, तेव्हा एका विमान कंपनीने त्यांना आश्रय दिला. १९६७ मध्ये तर साल्वादोर दाली यांनी कंपनीसाठी हंस आणि हत्ती यांच्या आकारांचे रक्षापात्र (अॅशट्रे) घडवले आणि मानधन म्हणून हत्तीचे पिल्लू मागितले. कंपनीने ते विमानाने युरोपात पोचवले. हा संग्रह २०२३ मध्ये नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टकडे सोपवण्यात आला, हे योग्यच झाले. पण तो ज्या इमारतीत अनेक वर्षे राहिला तिथे त्याचा मागमूसही उरू नये, हे योग्य नाही. गॅलरीची मुंबईतली शाखा कावसजी जहांगीर सभागृहात, म्हणजे नरिमन पॉइंटपासून जवळच आहे. या संग्रहातली निवडक कामे ठरावीक मुदतीने आणून तळमजल्यावर दाखवण्याचा करार राज्य शासन आणि केंद्राचे सांस्कृतिक मंत्रालय यांच्यात होऊ शकतो. आपला अर्ज घेऊन आलेला शेतकरी किंवा शिक्षक रांगेत थांबला असताना त्याच्यासमोर बी. प्रभा यांची कोळीण असेल, तर त्या थांबण्याला निदान काही अर्थ येईल.

२०१३ मध्ये एअर इंडियाचे मुख्यालय दिल्लीला गेले. ज्या कंपनीची पाळेमुळे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले त्या दिवसापर्यंत जातात, तिचे मुख्यालय मुंबईतून हलले आणि इमारतीत इतर कचेऱ्या भाड्याने येऊ लागल्या. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी पुन्हा टाटा समूहाकडे गेली, इमारत मात्र सरकारी मालमत्ता सांभाळणाऱ्या वेगळ्या कंपनीकडे राहिली आणि तिथून ती आपल्याकडे आली.

आता कायद्याकडे वळते. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली, आणि अशी नियमावली करणारे ते देशातले पहिले शहर. त्या यादीने फोर्टमधल्या कितीतरी वास्तू वाचवल्या. पुढे २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक इमारती आणि मरीन ड्राइव्हची आर्ट डेको रांग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. नागरिकांनी अनेक वर्षे चालवलेल्या प्रयत्नांचे ते फळ होते. पण त्या क्षेत्राच्या सीमेच्या थोडे पलीकडे उभी असलेली एअर इंडिया इमारत त्यात नाही. आपल्या मनात वारसा म्हणजे ब्रिटिशांच्या काळात बांधलेले, असे समीकरण पक्के बसले आहे. मरीन ड्राइव्हच्या ज्या घरांना आज आपण जगाचा वारसा म्हणतो ती बांधली गेली तेव्हा सिमेंटची, गुळगुळीत आणि परकी वाटत होती. त्यांना जाणतेपणाने पाहायला आपल्याला सहा-सात दशके लागली. स्वतंत्र भारताने, स्वतःच्या कंपनीसाठी, स्वतःच्या जमिनीवर उभारलेल्या वास्तूसाठी तेवढे थांबण्याचे कारण नाही, कारण तेवढा वेळ तिच्याजवळ नाही.

थांबल्याने काय होते हे दिल्लीने पाहिले आहे. प्रगती मैदानावरचा हॉल ऑफ नेशन्स १९७२ मध्ये बांधून झाला. वास्तुकार राज रेवाल यांची ती निर्मिती जगभर अभ्यासली जात होती. ती वाचवण्यासाठी देशातले आणि परदेशातले वास्तुतज्ज्ञ पुढे आले, पण साठ वर्षांहून कमी वयाच्या वास्तूंचा विचार होणार नाही, अशी तिथल्या वारसा समितीची भूमिका राहिली, आणि एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत ती पाडली गेली. आपल्या शेजारच्या गोव्यात चार्ल्स कोरिया यांची कला अकादमी मांडवीच्या काठी उभी आहे. तिच्या नूतनीकरणाचे काम चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचे छप्पर कोसळले, आणि काम कसे, कोणाच्या देखरेखीखाली चालले होते यावर मोठा वाद झाला. दोन्ही ठिकाणी मालक सरकारच होते.

उलट उदाहरणही आहे आणि ते याच वास्तुकारांचे आहे. जॉन्सन आणि बर्गी यांनी न्यूयॉर्कमध्ये मॅडिसन अॅव्हेन्यूवर बांधलेली एटी अँड टी इमारत १९८४ मध्ये पूर्ण झाली. तिचे मालक बदलत गेले आणि २०१७ मध्ये नव्या मालकांनी तळाचा दगडी दर्शनी भाग काढून तिथे काच लावण्याचा बेत जाहीर केला. वास्तुकार आणि सामान्य नागरिक रस्त्यावर उतरले, आणि २०१८ मध्ये शहराच्या आयोगाने त्या इमारतीला संरक्षित दर्जा दिला. तेव्हा तिचे वय ३४ वर्षे होते. न्यूयॉर्कच्या नियमानुसार तीस वर्षे पुरी झालेली वास्तू विचारात घेता येते. संरक्षण मिळाल्यावर बेत बदलला, दगडी तळ टिकला आणि कचेऱ्याही चालू राहिल्या. त्याच हातांनी रचलेली आपली इमारत तिच्याहून दहा वर्षांनी मोठी आहे.

म्हणून वारसा संवर्धन समितीला माझी विनंती आहे की तिने या इमारतीचा प्रस्ताव स्वतःहून विचारात घ्यावा. यादीत नवी वास्तू घालायची तर लोकांच्या आणि मालकाच्या हरकती मागवाव्या लागतात, आणि खासगी मालक बहुतेक वेळा विरोध करतो, कारण त्याला पुनर्विकास हवा असतो. इथे मालक राज्य शासन आहे. शासनाने हरकत नसल्याचे एक पत्र दिले तर ज्या टप्प्यावर एरवी अनेक प्रस्ताव अडकतात तो टप्पा काही दिवसांत पार पडेल.

सार्वजनिक बांधकाम विभागाला उद्देशून थोडे तपशिलात लिहिणे आवश्यक आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत काँक्रीटच्या आतल्या सळ्या गंजतात, गंज फुगतो आणि वरचे काँक्रीट सुटते. किनाऱ्यावरच्या पन्नास वर्षांच्या कोणत्याही इमारतीला हे दुखणे असतेच. त्यावर उपाय आहेत, पण ते आधी नीट निदान करून, भागाभागाने करायचे असतात. वरून गिलावा थापून किंवा धातूचे पॅनेल ठोकून ते दुखणे फक्त झाकले जाते आणि आतून वाढत राहते. म्हणून आधी संपूर्ण स्ट्रक्चरल ऑडिट करून त्याचा अहवाल जाहीर करावा. दर्शनी भागाचा पोत, रंग, खिडक्यांचे आकार आणि त्यांच्या ओळी यांची मोजमापे घेऊन नकाशे तयार करावेत आणि दुरुस्ती त्यांना धरूनच व्हावी. वातानुकूलनाची व्यवस्था केंद्रीय ठेवावी आणि कोणत्याही विभागाला आपल्या खिडकीतून यंत्र बाहेर काढण्याची परवानगी असू नये. प्रवेशदालनाची मूळ उंची आणि मोकळेपणा राखावा. सुरक्षेची यंत्रे लागतील, ती मी समजू शकते, पण त्यांच्यासाठी दालनाचे तुकडे करण्याची गरज नाही. या कामासाठी सर्वांत कमी दराची निविदा हा एकच निकष न ठेवता, विसाव्या शतकातल्या काँक्रीटच्या वास्तू दुरुस्त करण्याचा अनुभव असलेला संवर्धन वास्तुकार नेमावा.

माथ्यावरच्या धनुर्धाऱ्याचा प्रश्न नाजूक आहे. ते कंपनीचे चिन्ह आहे आणि सरकारी कचेरीच्या माथ्यावर ते का असावे, हा प्रश्न कोणीही विचारेल. माझे उत्तर असे की ते आता जाहिरात राहिलेले नाही. कंपनीने तिथून मुक्काम हलवला, चिन्हही बदलले, आणि जे उरले ते शहराचे आहे. त्यामुळे कंपनीशी बोलून, लेखी समझोता करून ते आहे तिथे जतन करावे. ते शक्य नसेल तर निदान त्याची चौकट सांभाळून तळमजल्यावर लोकांना पाहता येईल अशी ठेवावी, आणि माथा मोकळा राहू द्यावा. तिथे शासनाच्या कोणत्याही योजनेचा, पक्षाचा किंवा व्यक्तीचा फलक लागू नये, आणि दर्शनी भिंतीवर हलत्या चित्रांचा पडदाही लागू नये. इमारतीच्या नावाबद्दलही हेच म्हणायचे आहे. कचेरीला शासनाने जे नाव द्यायचे ते द्यावे, पण 'एअर इंडिया इमारत' हे नाव अधिकृत नोंदीत आणि प्रवेशद्वाराजवळच्या पाटीवर कायम राहावे.

आणखी एक मागणी आहे, जी कदाचित मोठी वाटेल. महिन्यातून एक रविवार वरच्या एखाद्या मजल्याचा पश्चिमेकडचा भाग नागरिकांसाठी, आणि आठवड्यातला एक दिवस महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी, आधी नोंदणी करून खुला ठेवावा. ज्या मुलांच्या आजोबांनी खालून मजले मोजले त्यांना वरून सबंध किनाऱ्याचा वळसा पाहता यावा. बॅकबेचा भराव कसा पडला, नरिमन कोण होते, नव्या मुंबईची कल्पना का निघाली, हे त्यांना समोरची जमीन दाखवूनच सांगता येईल. उंच जागेवरून दिसणारा समुद्र या शहरात आता फार थोड्यांच्या मालकीचा झाला आहे. लोकांच्या पैशाने घेतलेल्या इमारतीतून तो लोकांना दिसू द्यावा.

नूतनीकरणाचे आराखडे अंतिम होण्याआधी ते विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करावेत, हरकती आणि सूचनांसाठी किमान एक महिना द्यावा, आणि निविदा त्यानंतरच काढावी. या काळात एअर इंडियाच्या, जॉन्सन/बर्गी यांच्या आणि महापालिकेच्या दप्तरांतून या इमारतीचे मूळ नकाशे मिळवण्याचा प्रयत्न व्हावा आणि त्यांच्या प्रती राज्य पुराभिलेखागारात ठेवाव्यात. जे अधिकारी आणि कर्मचारी पहिल्या दिवसापासून त्या इमारतीत काम करत होते ते आता वृद्ध आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम मुंबई विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे सोपवता येईल, आणि ते लवकर सुरू व्हायला हवे.

या पत्रातल्या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि नसल्यास का, याचे लेखी उत्तर शासनाने जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

कळावे.

आपली नम्र,
चर्चगेट ते नरिमन पॉइंट ही वाट अनेक वर्षे पायी चाललेली एक मुंबईकर